पंपाला आलेले फोन

मी सौंसरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमचं पुस्तक हिंदीत. त्यात नैसर्गिक निवडीला 'प्राकृतिक वरण' म्हटलं आहे आणि हा धडा नेमका जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला येतो. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, वरन कोनं केलं?" मी दरवर्षी तेच सांगते, "कोणीच नाही केलं. तोच तर मुद्दा आहे."

जिराफाची मान मी फळ्यावर काढत नाही. आमच्या पोरांनी जिराफ पाहिलेला नाही, आणि माझी चित्रकला अशी की जिराफाचा उंट होतो. मी विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर काढते. चौकोनी डबा, त्यावर एक हिरवं बटण, एक लाल. तो सगळ्यांच्या शेतात आहे आणि मलाही काढता येतो.

प्राण्यांना जसं हवामान, तशी स्टार्टरला लाईन. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. ती थोरल्या जावईबापूंसारखी येते. केव्हा येणार ते सांगत नाही, आली की सगळ्यांनी धावायचं. तिच्या या स्वभावाशी ज्या डब्याचं जमलं तो टिकला, ज्याचं नाही तो भंगारात गेला. आधी नुसती बटणं होती. व्होल्टेज पडलं की हिरवं बटण टपकन वर यायचं आणि मोटर बंद. मग कोणीतरी बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचली. कोणी खोचली ते कुणालाच माहीत नाही. पण मोहगावापासून बोरगावापर्यंत सगळ्या विहिरींवर ती काडी पोचली, न जाहिरात, न सबसिडी. मग ऑटो आला. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. यात सुख असं होतं की माणसाने घरी झोपावं. आणि दुःख असं, की लाईन येताच सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठायच्या आणि खांबावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळायची. मग आठवडाभर कोणाचीच मोटर उठत नसे.

माझ्या बाबांनी ऑटो बसवला नाही. ते मोहगावच्या घरून चालत आमच्या संत्र्याच्या बगीच्यात जायचे आणि स्वतः बटण दाबायचे. तोवर इतरांची घाई संपलेली असायची. "आपली मोटर मानसासारखी उठते," ते म्हणायचे, "दमानं." यात त्यांचा अभ्यास काही नव्हता. पानठेल्यावर थांबून कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ चांगलं, हे सांगितल्याशिवाय त्यांचे पाय पुढे पडत नसत. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं बाबांनी जुळवली आहेत, आणि त्यातली बरीच टिकलीही आहेत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाबा पाण्याच्या दांडात घसरले. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. तेव्हा माझ्या धाकट्या भावाने सूत्रं हाती घेतली. तो पांढुर्ण्याला एका ऑफिसात आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याला आपण आपल्या घराचेही कलेक्टर झालो असं वाटतं. एका रविवारी तो मोबाईल स्टार्टर घेऊन आला. डब्याच्या पोटात सिमकार्ड. त्या नंबरावर फोन लावायचा की मोटर सुरू, आणि आतून एक बाई सांगते, "आपकी मोटर चालू हो गई है." लाईन नसली तर तेही सांगते, तितक्याच आनंदाने.

"आता तुम्हाले बगीच्यात जायचं कामच नाई," भाऊ बाबांना म्हणाला. "मी पांढुर्ण्याहून मोटर चालू करतो."

"मंग मी काय करू?"

"आराम करा न."

बाबांनी आईकडे पाहिलं. "आराम म्हनजे काय करतेत व त्याच्यात?"

आई काही बोलली नाही. मीही नाही. गुडघ्याचं आम्हाला सगळ्यांनाच भय होतं. पण बाबा सहजासहजी ऐकणारे नव्हतेच, आणि भाऊही त्यांचाच मुलगा. शेवटी पैज ठरली. यंदाचा अंबिया बहार, म्हणजे संक्रांतीला पाणी सोडून फुलवतात तो, या डब्यावर घ्यायचा. पाणी सोडायच्या दिवसापर्यंत बाबांनी बगीच्याकडे फिरकायचं नाही. बहार नीट आला तर बाबांनी कायमचं घरी बसायचं. नाही आला तर डबा काढायचा, आणि बाबा मरेपर्यंत बगीच्यात जातील, कोणी अडवायचं नाही. बाबांनी हो म्हटलं. शब्द दिला की ते मोडत नाहीत, ही त्यांची खोड आम्हाला माहीत होती. म्हणूनच भावाने शब्द घेतला.

भाऊ डबा बसवत असताना मी नको तिथे शिक्षिका झाले. म्हटलं, निसर्गात चिंचेला आंब्याची फांदी फुटत नाही. दोन जाती वेगळ्या झाल्या की झाल्या. यंत्रांचं तसं नाही. तिथे कुणाचीही फांदी कुणालाही जोडता येते. हा बघा, पंपावर फोनचं कलम.

"कलम आमाले नको शिकवू," बाबा बाजेवरून म्हणाले. "जंबेरीच्या बुडावर संत्रा बांधता येते. पन खालून जंबेरीचे फुटवे निघतेत, ते काढत राहा लागते. नाई काढले का झाड आपल्या जातीवर जाते. मंग खा आंबट लिंबं."

दुकानदाराने भावाला सांगितलं होतं की डब्यात घरच्यांचे नंबर भरून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा फोन तो ऐकणार नाही. भावाने ते केलं नाही. "पंपाले कोन फोन करते?" तो म्हणाला. माझ्या मते हा प्रश्न त्या दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

संत्र्याचा ताण ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो छळ वाटेल. डिसेंबर लागला की झाडांचं पाणी तोडायचं. पार तोडायचं. पानं फिकी पडतात, मलूल होतात, काही गळतात. झाडाला वाटतं, आपलं आता काही खरं नाही. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की ते घाबऱ्या-घाबऱ्या फुलतं, मरण्याआधी वंश मागे ठेवायला. निदान मी वर्गात असं सांगते. ताणात मध्येच पाणी मिळालं तर मात्र सगळं मुसळ केरात. झाड निर्धास्त होतं, नुसती पानं काढतं. त्या कोवळ्या फुटीला आम्ही नवती म्हणतो. दिसायला फार सुंदर, आणि त्या वर्षी संत्री नाहीत.

तर डिसेंबर लागला, मोटर बंद झाली आणि बाबा घरी बसले. आईचा मला रोज फोन. "तुह्या बाबाले घेऊन जा कोनी. हा मानूस दिवसभर माह्या फोडनीत पाहून राहिला." बाबांनी तिचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले होते. ती धण्याऐवजी शेवया हातात घेऊन उभी राहत होती. मला हसू यायचं, पण एकदा सौंसरहून भेटायला गेले तर बाबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. समोरून एक ओळखीचा गडी फावडं घेऊन गेला. बाबांनी त्याला हाक मारली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोरून कोणी फुकट गेलं. मला ते अजिबात बरं वाटलं नाही. आणि आपण पैजेच्या वेळी गप्प बसलो याचा राग मी भावावर काढला.

भाऊ मात्र खुशीत होता. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो पंपाला एक फोन लावायचा. तोवर रोजच लाईन गेलेली असायची. "लाईट नहीं है, मोटर बंद है," बाई सांगायची. ताण उत्तम चालला आहे, असं तो मला कळवायचा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाणी सोडायला आम्ही सगळे बगीच्यात गेलो. पैजेची मुदत संपली म्हणून बाबांनाही नेलं. भावाच्या हातात नारळ. बाबा पुढे होते, गुडघा विसरून. कुंपणाशीच ते थबकले.

सगळा बगीचा हिरवागार. पोपटी, लुसलुशीत, कौतुकाने फोटो काढावा असा. बाबांनी झाडाखाली वाकून माती मुठीत घेतली. तिचा लाडू वळला गेला.

"हे कोनं केलं?" बाबांनी विचारलं.

मी आयुष्यभर ज्याचं उत्तर वर्गात देत आले, तोच प्रश्न. पण बापाच्या हातात ओल्या मातीचा लाडू असताना 'कोणीच नाही' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. भावाने बाबांवर संशय घेतला, पैज जिंकायला लपूनछपून येत असतील म्हणून. बाबा म्हणाले, शब्द दिल्यावर चोरी करणारा मी नाही, पण तुला रात्रंदिवस त्या डब्याशी चाळा करायची सवय आहे. आई म्हणाली, शेजारच्याची नजर वाईट आहे, मी पहिल्यापासून सांगून राहिली. असं चांगलं रंगात आलेलं असताना विहिरीवर खट्ट झालं, आणि मोटर सुरू झाली.

कोणाच्याच हातात फोन नव्हता. भावाचा फोन खिशात होता. झाडांच्या बुडाशी ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकायला लागलं. आईने पदर डोक्यावर घेतला.

भावाने धावत जाऊन लाल बटण दाबलं, डबा उघडला, सिमकार्ड काढलं आणि आपल्या फोनमध्ये घातलं. आम्ही त्या फोनभोवती उभे राहिलो. फार वेळ लागला नाही. पहिल्यांदा एक मुलगी बोलली. तिला आम्हाला कर्ज द्यायचं होतं, अगदी आजच्या आज. भावाने तो फोन ठेवला तर दुसरा आला. कोणी गृहस्थ होते.

"मामाजी हायेत का?" त्यांनी विचारलं. "माह्या पोरीच्या बायोडाट्याचं म्हनलं होतं त्याहिनं. रोज फोन लावून राहिलो. कोनी बाई उचलते, म्हनते मोटर चालू हो गई, अन् ठेवून देते. नवी सून हाय का तुमच्याकडे? स्वभावानं लय कडक दिसते."

भावाने फोन हळूच कानापासून दूर केला आणि बाबांकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

बाबा म्हणाले, "सिमकार्ड माह्याच नावाचं हाय न? लोक माह्या फोनवर डोस्कं खातेत. म्हटलं हा नंबर देऊ. पंप तसाही रिकामाच बसून हाय."

गॅसवाल्याला, खताच्या दुकानाला, डोळ्यांच्या शिबिरात, आणि ज्या-ज्या बापाला जावई हवा होता त्याला, बाबांनी महिनाभर पंपाचा नंबर दिला होता. त्यांची समजूत अशी, की फोन कोणाचाही आला तरी पंप ऐकणार फक्त मालकाचं. बैल तेच करतो. लाईन असताना फोन आला की मोटर उठायची, लाईन गेली की आपोआप निजायची, आणि संध्याकाळी बाई भावाला सांगायची, मोटर बंद आहे. खोटं ती कधीच बोलली नाही. बाबांचंच म्हणणं खरं झालं होतं. कलमाखालून फोनाने फुटवे काढले होते आणि झाड आपल्या जातीवर गेलं होतं. फोन आला की उचलायचा, ही फोनाची जात. फक्त फुटवे काढण्याची आठवण ज्याने दिली, त्यानेच खत घातलं होतं.

त्या दिवशी नारळ तसाच परत आला. बाबा वाटेत बोलले नाहीत. घरी आल्यावर आईने तीळगूळ दिला तर हातात धरून बसले. मी एवढी वर्षं त्यांच्याशी वाद घातला, पण त्यांना असं गप्प पाहायची माझी तयारी नव्हती. मला रडू आलं, आणि मी ते स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

पण विहिरीमागे जुन्या झाडांचा एक तुकडा होता. तिथे बाबांनी ठिबकची नळी लावू दिली नव्हती. कारण विचारलं तर कारण नव्हतं, नुसता हट्ट. त्या झाडांना पाणी द्यायचं तर पाइपाचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, हाताने फिरवावा लागे आणि फावड्याने दांड फोडावा लागे. कर्ज देणाऱ्या मुलीच्या आणि पोरीच्या बापाच्या फोनाने वॉल फिरत नाही. म्हणून महिनाभर तो तुकडा कोरडा ठाक राहिला होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला पाणी सोडलं. फेब्रुवारीत ती झाडं पांढरीशुभ्र फुलली. कुंपणाबाहेरूनच वास यायचा. उरलेला बगीचा आपला हिरवागार, वांझ आणि आनंदी.

आता पैजेचा निकाल काय? भाऊ म्हणाला, "बहार आला. मानसाले दिसून राहिला. बाबा घरी बसतीन." बाबा म्हणाले, "डब्याच्या झाडाईले आला का? दाखव एक फूल." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणजे भांडण मिटण्याची आशा नव्हती. आईने तोडगा काढला. ही सायन्सची मॅडम आहे, हिला विचारा.

मी घसा साफ केला. म्हटलं, निसर्गात चांगलं आणि वाईट असं नसतं. परिस्थिती बदलली की काल जे खूळ होतं ते आज कामाला येतं. जुन्या तुकड्याला नळी नव्हती, हे कालपर्यंत बाबांचं खूळ होतं. मग पंपाला फोन यायला लागले आणि तेच खूळ तरलं. म्हणून, शास्त्राप्रमाणे, बाबा जिंकले. बगीच्यात जातील.

हे शास्त्र म्हणून कितपत शुद्ध आहे, ते मला माझ्या मुलांनी विचारू नये. निकाल द्यायचा तो मी ओट्यावर बसलेल्या बाबांना पाहिलं तेव्हाच दिला होता. शास्त्र नंतर जोडलं, कलमासारखं. भाऊ पुटपुटला, "ताई, तू पेपरही असेच तपासत असशीन." पण त्यानेही फार ताणलं नाही.

डबा काढायचा ठरला होता. तो मात्र राहिला. बाबांनीच राहू दिला. अडल्या-नडल्याला असावा, म्हणाले, मी काही त्याला हात लावणार नाही. भावाने नवं सिमकार्ड घातलं आणि या वेळी नंबर भरले. त्याचा, माझा आणि नको-नको म्हणत असताना बाबांचाही. या तिघांशिवाय आता बाहेरचा कोणी मोटर उठवू शकत नव्हता. शिवाय मोटर सुरू झाली की कोणाच्या फोनवरून झाली, त्याचा मेसेज भावाला जाईल अशी सोय केली. बाबांना हे सगळं त्याने समजावून सांगितलं, पण ते तेव्हा गुडघ्याला तेल लावत होते.

होळी झाल्यावर मी मोहगावला गेले. आई म्हणाली, बगीच्यात गेले, सकाळीच गेले. मी मागून गेले. उन्हं तापली होती. लाईन आलेली असणार, कारण शेजारच्या मोटरी वाजत होत्या. विहिरीजवळची स्टार्टरची खोली उंच जोत्यावर आहे, आणि तिच्या पायऱ्या आजोबांनी कुठल्याशा उंच माणसाच्या मापाने बांधल्या आहेत. बाबा त्या पायऱ्यांकडे पाठ करून एका जुन्या झाडाखाली दगडावर बसले होते. टोपी मांडीवर. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून एका बोटाने नंबर दाबला आणि कानाला लावला. विहिरीवर खट्ट झालं. मोटर सुरू झाली. पलीकडची बाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बाबा तिला "हो, बरं" म्हणाले.

मग त्यांनी मला पाहिलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पायऱ्या चढवत नाईत आता," ते म्हणाले. फोन खिशात ठेवून त्यांनी खिशाचं बटण लावलं. "तुह्या भावाले सांगू नको."

"त्याला आनंदच होईल, बाबा. एवढं शिकलात."

"होईन न आनंद. मंग म्हनन, बाबा, दगडावर बसून फोन लावता, तं घरच्या बाजेवरून लावा. अन् त्याचं काई चुकनार नाई." ते उठले, फावडं घेतलं आणि जुन्या तुकड्याकडे निघाले. तिथला वॉल अजून हातानेच फिरतो. मी त्यांच्या मागून गेले. गळून पडलेल्या फुलांच्या जागी बोराएवढी हिरवी फळं धरली होती. बाबा लंगडत चालत होते आणि प्रत्येक झाडाचं काहीतरी गाऱ्हाणं मला सांगत होते.

संध्याकाळी सौंसरला परत आल्यावर भावाचा फोन आला. बाबा कसे आहेत, त्याने विचारलं. बगीच्यात काय करतात?

"काय करणार," मी म्हटलं, "पायऱ्या चढतात, बटण दाबतात. फोन त्यांना कुठे जमतो."



"हो न, ताई," तो म्हणाला. "बटनच दाबतेत. मले रोज मेसेज येते."